फुटाला एक सूत

उद्यमबागेत, तिसऱ्या शेडच्या माळ्यावर
बाबांचे पॅटर्न रचलेत. सागवानी, थोडे आंब्याचे,
वार्निश उडालेले. पंपाचं केसिंग, पुली,
चरकाचा दात, आणि एक असा
ज्याचं यंत्र आता कुणालाच आठवत नाही.
टाकून का देत नाही, विचारलं तर म्हणतात,
"कुठंतरी तो चालू असंल की गे."

खाली हिशेबाच्या खोलीत मी.
लॅपटॉपवर वाळूची बारीक साय.
फौंड्रीच्या ऑर्डरी आता फोनवरून यायच्यात.
एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं,
आणि अकराशे बेचाळीस पॅकेजेस
उतरू लागली, लाइट जायच्या आत.

बाबा मागे येऊन उभे.
"कोण गे ही माणसं?"
माहीत नाही. कुणी तारखा मोजतं,
कुणी रंग मिसळतं, एकजण तर फक्त
आकड्याच्या डावीकडं शून्यं लावून देतो.
"पगार कोण देतंय?"
कोणी नाही.
"आणि लाकूड बघितलंस?"

लाकूड बघितलं नव्हतं.
पिवळ्या अक्षरांत एक सूचना येऊन गेली होती:
हे आता कुणी सांभाळत नाही.
चालतंय, म्हणून मी पुढे गेले.

मग ती ओळ आली.
फोनची भाषा कळली नाही तर कुठली दाखवायची?
एवढंच विचारतं ते, साधं, अवतरणचिन्हात दोन अक्षरं मागतं.
या गावात पाट्यांना डांबर फासून झालं,
मोर्चे झाले, कोर्टात कागद पिवळे झाले,
आणि कर्सर तिथं उघडमीट करत बसला
तलाठ्यासारखा.
चहा संपेपर्यंत मी काही लिहिलं नाही.
मग लिहिलं: माणसाला विचार.
पहिल्यांदा उघडशील तेव्हा दोन बटणं, सारख्याच मापाची.

रात्री साडेअकराला चढवलं.
हिरवी खूण. घरी आले. झोप नाही.

सकाळी गुरुसिद्धप्पा मोल्डरनं फोन पुढं केला,
भेगाळलेली काच, वर गुळाचा अंगठा.
"पुन्हा प्रयत्न करा" माझ्या बटणात नीट बसलं होतं.
त्याच्या फोनवर "मत्तोम्मे प्रय"
आणि उरलेलं निळ्या चौकटीबाहेर,
दारात अडकलेल्या खाटेसारखं.
"अर्धंच बोलालंय तुझं," तो मराठीत म्हणाला,
आणि हसला. ते हसणं मला लागलं.
बटण मी माझ्या शब्दावर मापलं होतं.

बाबांनी खिशातली पितळी पट्टी काढली.
"ही खोटी पट्टी. हिचा फूट
खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा.
तापलेलं बीड थंड होताना आकसतंय.
खऱ्या मापानं केलं तर
हातात येणारा नग लहान."
एवढं बोलून ते रंध्याकडं गेले.
मला वाटलं अजून काही सांगतील.

दुपारी मी रुंदीचा आकडा खोडला.
शब्द जेवढा, तेवढं बटण;
वर दोन्हीकडं थोडी मोकळी जागा.
चार ओळींचं काम.
प्रयत्न हा शब्द दोन्हीकडं तोच आहे,
हे तेव्हा दिसलं, आधी दिसायला हवं होतं.

ते बटण वेगळं काढून, नाव देऊन
मी बाहेर ठेवलं, कुणालाही घेता येईल असं.
शून्यं लावणाऱ्या त्या माणसाला
एक ओळ लिहिली: तुमचं अजून चालू आहे इथं.
उत्तर आलेलं नाही.

आठवड्यात तीन डाउनलोड.
दोन माझेच, तपासायला केलेले.
जेवताना बाबांना सांगितलं.
त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत तसाच धरला.
"आणि तिसरं कोण गे?"